सँड रेल बग्गी

सँड रेल बग्गी ही मुख्यतः वाळूच्या टेकड्यांवर चालवण्यासाठी पोलादी नळ्यांच्या उघड्या सांगाड्यावर उभारलेली हलकी मोटारगाडी होय. तिला दारे, छत, बॉनेट किंवा पत्र्याचे बाह्यांग बहुधा नसते. इंजिन मागे असते, आसने जमिनीलगत असतात आणि मागची चाके पुढच्या चाकांहून मोठी व रुंद असतात. अमेरिकेच्या पश्चिम भागात, विशेषतः कॅलिफोर्नियात, अशा गाड्या हौशी लोकांनी घराच्या आवारात स्वतः बांधण्याची परंपरा १९६० च्या दशकापासून चालत आली आहे. या घरगुती बांधणीचा मुख्य आधार म्हणजे जुन्या फोक्सवॅगन बीटल मोटारीचे इंजिन, गिअरपेटी आणि चाकांची जोडणी.

बहुतेक सँड रेल ट्रेलरवर लादून वाळूपर्यंत नेल्या जातात. काही मालक मात्र दिवे, मडगार्ड, चारही चाकांचे ब्रेक आणि इतर साधने बसवून, रीतसर नोंदणी करून ती सार्वजनिक रस्त्यावर चालवतात. अशा गाडीला रस्तायोग्य सँड रेल म्हणता येईल. ती बांधणे हे वाळूवरची गाडी बांधण्यापेक्षा पुष्कळ कठीण काम आहे, कारण वाळूत जे गुण ठरतात त्यांतील बरेचसे डांबरी रस्त्यावर दोष ठरतात.

नाव

बग्गी हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. संस्थानी मिरवणुकांतली आणि आजही लग्नाच्या वरातीत दिसणारी घोड्याची बग्गी सर्वांच्या परिचयाची आहे. हलके, उघडे आणि थोडेसे ऐटीचे वाहन हा त्या शब्दाचा मूळ भाव मोटारीच्या बाबतीतही कायम राहिलेला दिसतो. रेल या शब्दाचा मात्र येथे रूळ किंवा आगगाडी यांच्याशी संबंध नाही. सांगाड्याच्या लांबलचक उघड्या दांड्यांकडे तो निर्देश करतो.

सँड रेल आणि ड्यून बग्गी ही नावे बोलण्यात एकमेकांऐवजी वापरली जातात, परंतु त्यांत भेद करणे उपयुक्त आहे. ड्यून बग्गीत बीटलचा मूळ तळ, म्हणजे चाकांसह असलेली पोलादी चासी, ठेवून तिच्यावर फायबरग्लासचे होडीसारखे बाह्यांग बसवलेले असते. सँड रेलमध्ये तो तळही काढून टाकलेला असतो आणि त्याच्या जागी नळ्यांचा पिंजरा येतो. हा फरक केवळ दिसण्याचा नाही. पुढे नोंदणीच्या वेळी सगळा वाद याच तळाभोवती फिरतो.

इतिहास

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील पिस्मो बीच परिसरातल्या वाळूवर जुन्या फोर्ड व शेव्हरोले गाड्यांचे पत्रे काढून त्या चालवण्याची टूम निघाली. या गाड्या जड होत्या आणि त्यांची पाण्याने थंड होणारी इंजिने पुढच्या बाजूला असल्यामुळे पुढची चाके वाळूत रुतत. बीटलने ही अडचण एकदम सोडवली. तिचे चार सिलिंडरांचे आडवे इंजिन हवेने थंड होई, त्यामुळे रेडिएटर नव्हता. शिवाय ते मागच्या चाकांच्याही मागे असल्याने, ज्या चाकांना जोर लावायचा त्यांवरच वजन पडे.

या कल्पनेला सुबक रूप दिले ते ब्रूस मायर्स (१९२६–२०२१) यांनी. मायर्स नौका बांधत आणि समुद्राच्या लाटांवर स्वार होण्याचा त्यांना छंद होता. होड्यांसाठी वापरले जाणारे फायबरग्लास त्यांनी मोटारीकडे वळवले आणि १९६४ मध्ये न्यूपोर्ट बीच येथे लाल रंगाची पहिली मायर्स मँक्स तयार केली. पुढे ती ‘ओल्ड रेड’ या नावाने प्रसिद्ध झाली. पहिल्या काही गाड्यांना स्वतंत्र चासी नव्हती, बाह्यांग हाच सांगाडा होता. तो प्रकार महाग पडल्याने मायर्स यांनी बीटलचा मूळ तळ सुमारे ३६ सेंटिमीटरने आखूड करून त्यावर बाह्यांग बसवण्याची पद्धत आणली. बीटलच्या पुढच्या व मागच्या आसांतील अंतर २४० सेंटिमीटर असते, मँक्समध्ये ते २०४ च्या आसपास आले.

एप्रिल १९६७ मध्ये मायर्स व टेड मँगल्स यांनी मेक्सिकोच्या बाजा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात ला पाझ ते तिहुआना हे अंतर ओल्ड रेडमधून ३४ तास ४५ मिनिटांत पार केले आणि त्याआधीचा मोटारसायकलचा विक्रम मोडला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या मार्गावर झालेली पहिली ‘मेक्सिकन १०००’ शर्यत व्हिक विल्सन व मँगल्स यांनी मँक्स गाडीतूनच जिंकली. यानंतर मागणी प्रचंड वाढली आणि तिच्याबरोबर नकलाही. मायर्स यांचे पेटंट न्यायालयात टिकले नाही आणि त्यांचा मूळ कारखाना १९७१ मध्ये बंद पडला. आपलीच कल्पना गल्लोगल्ली तयार होताना पाहणे त्यांच्या वाट्याला आले. घरगुती बांधणीची परंपरा मात्र याच मोकळीकीत वाढली, हेही खरे.

नळ्यांच्या सांगाड्याच्या गाड्या याच सुमारास शर्यतींमुळे पुढे आल्या. फायबरग्लास आपटल्यावर तडकते, नळी वाकते आणि पुन्हा सरळ करता येते. अशा गाड्या बांधणाऱ्या शेनॉथ या कंपनीने अमेरिकी सैन्यासाठीही हलकी गस्तगाडी तयार केली आणि १९९१ च्या आखाती युद्धात नौदलाच्या सील पथकांनी ती वाळवंटात वापरली.

सांगाडा

घरी सँड रेल बांधणारा मनुष्य दोन मार्गांपैकी एक निवडतो. पहिला म्हणजे तयार वेल्डिंग केलेला सांगाडा विकत घेणे, दुसरा नळ्या आणून तो स्वतः बांधणे. दुसरा मार्ग स्वस्त वाटतो, पण नळी वाकवण्याचे यंत्र, वेल्डिंग यंत्र आणि वाया जाणारा माल यांचा हिशेब केल्यास बचत फारशी उरत नाही. जो तो मार्ग धरतो तो बहुधा पैशासाठी नव्हे, आवडीसाठी धरतो.

मुख्य नळी साधारणपणे ३८ मिलिमीटर बाह्य व्यासाची आणि २.४ ते ३ मिलिमीटर जाडीच्या भिंतीची घेतात. साच्यातून ओढून आतबाहेर गुळगुळीत व अचूक मापाची केलेली पोलादी नळी यासाठी पसंत केली जाते. क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेले मिश्रपोलाद अधिक बळकट असते, परंतु त्याचे वेल्डिंग नवशिक्याने करू नये. पाण्याच्या नळाचा पाइप या कामाला कधीही वापरू नये. त्याचे माप आतल्या पोकळीवरून ठरलेले असते, म्हणून दीड इंची पाइप बाहेरून जवळजवळ १.९ इंच भरतो. तो द्रव वाहून नेण्यासाठी असतो, धक्का सोसण्यासाठी नव्हे. शिवाय त्यावर जस्ताचा मुलामा असल्यास वेल्डिंग करताना निघणारा धूर अंगात ताप व कणकण आणतो.

दोन नळ्या एकमेकींना जिथे मिळतात तिथे एकीचे टोक माशाच्या उघड्या तोंडासारखे अर्धगोल कापावे लागते, म्हणजे ते दुसरीवर चपखल बसते. फट राहिली तर ती वेल्डिंगने भरून काढण्याचा मोह होतो. भरलेली फट दिसायला जोड असते, ताकदीने नव्हे. संपूर्ण सांगाडा आधी छोट्या टाक्यांनी उभा करतात, सर्व मापे व कर्ण तपासतात आणि मगच पूर्ण वेल्डिंगला हात घालतात. वेल्डिंगही एका बाजूने सलग करीत न जाता आलटून पालटून, समोरासमोरच्या जोडांवर करतात, कारण तापलेले पोलाद थंड होताना आक्रसते आणि सांगाडा पीळ घेतो. त्यासाठी बांधणीच्या काळात सांगाडा जाड सपाट पोलादी पाटावर किंवा भक्कम मेजावर पकडून ठेवलेला असतो.

रचनेचे तत्त्व शाळेच्या भूमितीतलेच आहे. चार दांड्यांचा चौकोन कोपऱ्यांवर दाब येताच तिरका होतो, त्रिकोण होत नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या चौकोनात कर्णाची नळी घालतात. चालकाच्या डोक्यामागची मुख्य कमान, तिला मागून टेकू देणाऱ्या तिरक्या नळ्या आणि खांद्यांच्या उंचीवरची आडवी नळी हे सांगाड्याचे सर्वांत महत्त्वाचे भाग होत. गाडी उलटली तर जीव त्यांच्यावर अवलंबून असतो. ज्याला आपल्या हाताची खात्री नाही त्याने आधी तुकड्यांवर नमुन्याचे जोड करून ते घणाने फोडून पाहावेत. जोड तुटला आणि नळी शाबूत राहिली तर शिकणे अजून बाकी आहे. सांगाड्याचा हा भाग कुशल वेल्डरकडून करून घेण्यात कमीपणा नाही.

बीटलचे भाग

बीटलचे एकूण २,१५,२९,४६४ नग तयार झाले आणि शेवटची गाडी ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतील पुएब्ला येथे बाहेर पडली. सुटे भाग इतकी वर्षे सहज मिळत राहिले ते या प्रचंड उत्पादनामुळे. तथापि सर्व वर्षांच्या गाड्यांचे भाग एकमेकांना लागत नाहीत, आणि भंगारातून भाग निवडताना ही वर्षे लक्षात ठेवणे भाग पडते.

पुढचा आस म्हणजे एकावर एक बसवलेल्या दोन आडव्या नळ्या. त्यांत पोलादी पट्ट्यांच्या जुडग्या असतात आणि त्या पिळल्या जाऊन स्प्रिंगचे काम करतात. १९६५ पर्यंतच्या गाड्यांत या आसाला खिळ्यांचे सांधे असत, १९६६ पासून गोळ्याचे सांधे आले. वाळूवाले जुना खिळ्यांचा प्रकार पसंत करतात, कारण त्याला वरखाली हलण्यास अधिक वाव देता येतो. सुपर बीटल या नंतरच्या प्रकारात हा आसच नाही, म्हणून तिची पुढची बाजू या कामाला निरुपयोगी ठरते.

मागच्या बाजूस निवड अधिक गंभीर आहे. जुन्या बीटलमध्ये चाकाचा दांडा गिअरपेटीजवळच्या एकाच सांध्यावर झुलतो. गाडीचे वजन कमी झाले की मागची बाजू वर उचलली जाते, आणि वेगात वळताना बाहेरचे चाक आत दुमडून गाडी उलटण्याचा संभव वाढतो. अमेरिकेत विकल्या गेलेल्या १९६९ पासूनच्या बीटलमध्ये प्रत्येक दांड्याला दोन सांधे असतात व हा धोका पुष्कळ कमी होतो. गाडी रस्त्यावर आणायची असेल तर हा दुसरा प्रकारच घ्यावा. मागच्या चाकाचा मोठा नट सुमारे ३०० न्यूटन-मीटर इतका आवळून त्यात फाटक्या टोकांची पिन घालावी लागते. हाताच्या साध्या पान्याने ते होत नाही, आणि अंदाजाने आवळलेला नट हे चाक निखळण्याचे जुने कारण आहे.

१९७१ च्या १६०० घनसेंटिमीटर इंजिनाची शक्ती ६० अश्वशक्ती सांगितली जाई. बीटलसारख्या सुमारे ८०० किलोच्या गाडीला ती बेताचीच, पण त्याहून बरीच हलकी असलेली सँड रेल तिच्यावर उसळी घेते. इंजिन उघडे असले म्हणजे ते आपोआप थंड राहील, ही समजूत चुकीची आहे. पंख्याची हवा सिलिंडरांच्या पाकळ्यांतून खाली जावी आणि तापलेली हवा पुन्हा वर येऊन पंख्यात शिरू नये, यासाठी इंजिनाभोवतीचे पत्रे असतात. शोभेसाठी ते काढून टाकणारा बांधकरी इंजिन जाळून घेतो. जुन्या रचनेत तेल थंड करण्याची जाळी पंख्याच्या पेटीतच, तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेत उभी असे आणि त्यामुळे तोच सिलिंडर सर्वांत जास्त तापे. १९७१ पासून ही जाळी बाजूला काढली गेली.

काही जण वजनाचा तोल साधण्यासाठी इंजिन गिअरपेटीच्या पुढे बसवतात. तसे करताना गिअरपेटीतले मोठे दातेरी चक्र दुसऱ्या बाजूस फिरवून बसवावे लागते. ते विसरल्यास गाडीला पुढे जाण्याचा एक गिअर आणि मागे जाण्याचे चार मिळतात. हा किस्सा जाणकारांच्या गप्पांत वारंवार ऐकू येतो, पण तांत्रिकदृष्ट्या तो अगदी खरा आहे.

पेट्रोलची टाकी, नळी आणि वायरिंग यांत काटकसर परवडत नाही. जुन्या बीटल जळण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे इंजिनावरची रबरी नळी कडक होऊन सुटणे व पेट्रोल ठिणगीच्या जागी टपकणे. टाकी व चालक यांच्यामध्ये, तसेच चालक व इंजिन यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा असावा आणि आग विझवण्याचे नळकांडे हाताशी असावे.

वाळू आणि रस्ता यांतील विरोध

वाळूत पुढचे टोक जितके हलके तितके चांगले. ते इतके हलके असते की स्टिअरिंग फिरवले तरी पुढची चाके नुसती घसरतात. म्हणून सँड रेलमध्ये चालकाच्या हाताशी दोन तरफा असतात. डावी ओढली की फक्त मागचे डावे चाक अडते व गाडी डावीकडे वळते, उजवीने उजवीकडे. गाडी अशी वळत असल्यामुळे अनेक सँड रेलना पुढच्या चाकांचे ब्रेकच नसतात. रस्त्यावर हे चालत नाही. गाडी थांबताना वजन पुढे ढकलले जाते आणि थांबवण्याचे बरेचसे काम पुढच्या चाकांना करावे लागते. म्हणून रस्तायोग्य गाडीत चारही चाकांना ब्रेक, एक नळी फुटली तरी दुसऱ्या जोडीचा ब्रेक लागेल असा दुहेरी मास्टर सिलिंडर आणि हाताचा ब्रेक आवश्यक ठरतो. अमेरिकेतील बीटलमध्ये १९६७ पासून असा दुहेरी सिलिंडर आहे. तरफा ठेवायच्या असल्यास त्या याच व्यवस्थेत काळजीपूर्वक जोडाव्या लागतात.

टायरांचेही तसेच. वाळूत मागे वल्ह्यासारखे उंच आडवे पंखे असलेले टायर आणि पुढे मधोमध एकच धार असलेले गुळगुळीत टायर चालतात. डांबरावर हे पंखे काही किलोमीटरांत झिजतात, गाडी थरथरते आणि ओल्या रस्त्यावर पकड राहत नाही. रस्त्यासाठी मान्यताचिन्ह असलेले टायर लागतात, त्यामुळे अनेक मालक चाकांचे दोन संच बाळगतात. टायर बदलून उंची बदलली की वेगदर्शकही खोटे बोलू लागतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

पुढच्या दिव्यांची उंची हा असाच एक प्रश्न आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत ती जमिनीपासून किमान २२ ते २४ इंच आणि कमाल ५४ इंच असावी लागते. सँड रेलचे नाक याच्या खाली असते, म्हणून दिवे सांगाड्याला वेगळे कान काढून वर बसवावे लागतात. मागचे दिवे, ब्रेकचे दिवे, वळण्याचे दिवे, क्रमांकपट्टीवरचा दिवा, परावर्तक, हॉर्न, आरसे, सायलेन्सर, मडगार्ड, आसनपट्टे ही यादी बहुतेक ठिकाणी सारखीच आहे. समोरची काच व वायपर काही राज्यांत सक्तीचे आहेत, काही राज्यांत चालकाने डोळ्यांवर संरक्षक चष्मा घातल्यास काचेवाचून चालते.

सर्वांत दुर्लक्षित बाब सांगाड्याचीच आहे. वाळूत चालक शिरस्त्राण घालतो, म्हणून डोक्याजवळची नळी त्याला फारशी इजा करीत नाही. बाजारात जाताना तोच मनुष्य उघड्या डोक्याने बसतो आणि साध्या धडकेतही त्याचे डोके त्या नळीवर आपटू शकते. पिंजरा वाचवतो तसा मारतोही. डोके पोहोचेल अशा प्रत्येक नळीवर कठीण दाट फोमचे आवरण हवे. झोपण्याच्या गादीतला मऊ स्पंज येथे उपयोगाचा नाही. खांद्यावरून येणारे पट्टे खांद्यांच्या पातळीवर किंवा किंचित खाली बांधावेत. ते आसनामागे खोल जमिनीला बांधले तर धडकेत पाठीचा कणा दाबला जातो.

शेवटी उंचीचा प्रश्न राहतो. मालमोटारीच्या चालकाला आपल्या बॉनेटपलीकडची ही बुटकी गाडी दिसतच नाही. वाळूच्या टेकड्यांवर पलीकडून येणाऱ्याला दिसावे म्हणून उंच लवचीक काठीवर झेंडा लावण्याची सक्ती अनेक ठिकाणी असते. रस्त्यावर तो लावायला कोणी सांगत नाही, तरी काही मालक तो मुद्दाम ठेवतात.

नोंदणी आणि कागदपत्रे

अमेरिकेत कारखान्यांनी विकलेल्या नव्या मोटारींना केंद्र सरकारची सुरक्षामानके लागू होतात, परंतु एखाद्याने स्वतःसाठी बांधलेल्या गाडीची नोंदणी हा राज्यांचा विषय आहे. त्यामुळे एका राज्यात सहज नोंदली जाणारी गाडी शेजारच्या राज्यात अडते. वाळूत चालवण्यासाठी मिळणारा बिल्ला म्हणजे रस्त्याची नोंदणी नव्हे, हेही अनेकांना उशिरा कळते.

बीटलचा चासी नंबर तिच्या तळाच्या मधल्या कण्यावर, मागच्या आसनाखाली ठोकलेला असतो. ड्यून बग्गीत हा तळ, आखूड केलेला का होईना, शिल्लक असतो आणि जुन्या बीटलचे मालकीपत्र पुढे चालवता येण्याची काही शक्यता राहते. सँड रेलमध्ये तळ भंगारात जातो आणि त्याबरोबर क्रमांकही. मग कोणीतरी सल्ला देतो की तेवढा क्रमांकाचा तुकडा कापून नव्या नळीवर वेल्ड करावा. हा सल्ला घातक आहे. क्रमांक काढणे वा हलवणे हा चोरीच्या गाड्यांचा धंदा रोखण्यासाठी केलेल्या कायद्यांखाली गुन्हा ठरतो, गाडी जप्त होऊ शकते आणि वर्षानुवर्षांची मेहनत भंगारवाल्याच्या आवारात जाऊन पडते. अशी गाडी विकत घेणाऱ्या निरपराध मनुष्यालाही हा भुर्दंड बसतो.

सरळ मार्ग म्हणजे गाडी ‘विशेष बांधणीची’ म्हणून नोंदवणे. कॅलिफोर्नियात यासाठी बांधणीचे निवेदन, सांगाडा, इंजिन व गिअरपेटी यांच्या खरेदीच्या पावत्या आणि सुरक्षा-तपासणीचे प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यानंतर महामार्ग पोलीस भागांवरचे क्रमांक चोरीच्या नोंदींशी ताडून पाहतात आणि गाडीला नवा क्रमांक देतात. पावत्यांचे महत्त्व येथे कळते. भंगारातून दहा डॉलरला उचललेल्या गिअरपेटीचीही विक्रेत्याच्या सहीची चिठ्ठी घेऊन ठेवावी आणि तीवर भागाचा क्रमांक लिहून घ्यावा. बांधणीच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रेही उपयोगी पडतात. जो मनुष्य हे पहिल्या दिवसापासून करतो त्याचे काम काही भेटींत होते, जो शेवटी करायला जातो त्याला दोन वर्षांपूर्वीचा विक्रेता सापडत नाही.

धुराच्या तपासणीचा नियमही कॅलिफोर्नियात वैशिष्ट्यपूर्ण आहे. दरवर्षी अर्ज करणाऱ्या पहिल्या ५०० विशेष बांधणीच्या गाड्यांना, त्या ज्या जुन्या गाडीसारख्या दिसतात तिच्या किंवा इंजिनाच्या वर्षाचे निकष लावले जातात. गाडी कोणत्याच जुन्या गाडीसारखी दिसत नसेल तर तिचे वर्ष १९६० धरतात. सँड रेल दुसऱ्या कशासारखी दिसणार! उरलेल्यांना मात्र अधिक कडक निकषांना सामोरे जावे लागते, म्हणून वर्षाच्या आरंभी या जागांसाठी घाई होते.

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न गुणांनी सोडवला जात असे. दीर्घकाळ लागू असलेल्या पद्धतीत जुना क्रमांक राखण्यासाठी आठ गुण लागत. त्यांतले पाच मूळ, न बदललेल्या चासीला मिळत आणि इंजिनाला अवघा एक. तळ आखूड केला की हे पाच गुण गेले आणि गाडीला स्वतंत्र तपासणीतून जावे लागले. चासी म्हणजेच गाडी, हा कायद्याचा दृष्टिकोन यातून स्पष्ट दिसतो.

नोंदणीनंतर विमा उरतो. घरी बांधलेल्या गाडीचे मूल्य व जोखीम ठरवणे अवघड असल्याने सर्वच विमा कंपन्या तो देत नाहीत. सांगाड्याला हात घालण्यापूर्वीच याची चौकशी केलेली बरी.

पर्यावरण

कॅलिफोर्नियातील ओशनो ड्यून्स आणि अल्गोडोनेस या दोन प्रसिद्ध वालुकाक्षेत्रांत वाहनांवरून दीर्घकाळ वाद चालू आहेत. पहिल्या ठिकाणी वाळूतच अंडी घालणारा स्नोई प्लोव्हर हा छोटा पक्षी, तर दुसऱ्या ठिकाणी वाळूत उगवणारी एक दुर्मीळ वनस्पती यांच्यासाठी काही भाग वाहनांना बंद केले गेले आहेत. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावरही असाच प्रश्न आहे. वेळास, मोरजी यांसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, आणि चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्यांत अडकलेली पिल्ले समुद्रापर्यंत पोहोचू शकत नाहीत. गोव्यात किनाऱ्याच्या वाळूत वाहन नेण्यास मनाई आहे.

भारतातील स्थिती

भारतात घरी बांधलेली सँड रेल रस्त्यावर नोंदवणे जवळजवळ अशक्य आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांपासून वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या तरतुदीचा अर्थ कडकपणे लावला. म्हणजे जुन्या गाडीची चासी बदलून तिची नोंदणी पुढे चालवण्याचा मार्ग बंद आहे. नवे वाहन म्हणून नोंदवायचे तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ प्रमाणे नमुना गाडीची चाचणी मान्यताप्राप्त संस्थेकडून व्हावी लागते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आणि अहिल्यानगर येथील वाहन संशोधन व विकास संस्था या त्यांपैकी महाराष्ट्रातील दोन संस्था होत. ही व्यवस्था कारखानदारांसाठी आहे. एकच गाडी बांधणाऱ्याला तिचा खर्च झेपणारा नाही. बीटलही भारतात मोठ्या प्रमाणावर कधी विकली गेली नाही, त्यामुळे सुट्या भागांचा आधारही येथे नाही.

नळ्यांच्या सांगाड्याची गाडी स्वतः बांधण्याचा अनुभव भारतीय विद्यार्थ्यांना मिळतो तो ‘बाजा’ स्पर्धेतून. अमेरिकेत १९७० च्या दशकात सुरू झालेल्या या अभियांत्रिकी स्पर्धेची भारतीय आवृत्ती २००७ मध्ये मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे प्रथम भरली आणि महाराष्ट्रातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ तीत भाग घेत आले आहेत. एका आसनाची, खडतर जमिनीवर चालणारी गाडी विद्यार्थी स्वतः आखतात व बांधतात. इंजिन सर्वांना सारखेच ठरवून दिलेले असते, म्हणून कस लागतो तो सांगाडा, चाकांची जोडणी आणि गिअरव्यवस्था यांचा. शर्यतीपूर्वी परीक्षक नळीची जाडी, वेल्डिंगचे नमुने, पट्ट्यांची बांधणी आणि चारही चाके एकदम अडतात की नाही हे तपासतात, आणि त्यांत न उतरलेल्या गाडीला मैदानात सोडत नाहीत. या गाड्यांना क्रमांकपट्टी नसते. त्या महाविद्यालयातून मैदानापर्यंत ट्रकवर लादूनच नेल्या जातात.